दिलीपला पत्र : भांडण नेमकं कशावरून होतं

सिनसिनाटी, ओहायो
२० जानेवारी

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, घाई करू नका, जिना सध्या विसरा.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. तुझा भाचा टेक्सासला शिकायला आला आणि त्याच्या घरमालकाने त्याला पटवून दिलं, की अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) गुलामगिरीवरून झालंच नाही. दिल्लीश्वरांनी प्रांतांवर कुरघोडी करावी तसं इथल्या केंद्राने दक्षिणेच्या राज्यांवर केलं, आणि ती राज्यं आपल्या हक्कांसाठी उठली, देशातून फुटली. तू लिहितोस, "तू तर त्या सीमेवरच राहतोस, मला खरं काय ते सांग." सांगतो, आणि जरा लांबण लावूनच सांगतो, कारण हा विषय गेली कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून आहे. माझं उत्तर असं : भांडण गुलामगिरीवरूनच होतं, आणि ते मिटू दिलं नाही ते मुख्यतः पळून जाणाऱ्या गुलामांनी. उत्तर आणि दक्षिण यांच्या पुढाऱ्यांनी सत्तर वर्षं तडजोडी केल्या. त्या प्रत्येक तडजोडीत ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, ते लोक रात्री उठून चालू लागले आणि तडजोड मोडली.

तू वऱ्हाडातला, म्हणून कापसापासून सुरू करतो. १७८७ साली या देशाची राज्यघटना झाली, तेव्हा कित्येकांना वाटत होतं की गुलामगिरी आपोआप विझेल. व्हर्जिनियात तंबाखूने जमिनी थकल्या होत्या. त्याच वर्षी ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या नव्या मुलखात गुलामगिरीला कायद्याने बंदी झाली, आणि त्याला दक्षिणेच्या प्रतिनिधींनीही संमती दिली. घोडं अडलं होतं ते सरकीवर. दक्षिणेच्या आतल्या भागात पिकणारा कापूस आखूड धाग्याचा. त्याची सरकी रुईला अशी चिकटलेली की एका माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीतून जेमतेम अर्धा शेर रुई निघायची. १७९३ मध्ये एली व्हिटनीने जिन, म्हणजे सरकी वेगळी करायचं यंत्र, काढलं आणि हिशेबच बदलला. जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंत जंगलं तोडून कपाशी लागली. १८६० च्या सुमाराला वर्षाला चाळीस लाख गाठी निघत होत्या, देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा होता. पहिल्या जनगणनेत, १७९० साली, गुलाम सात लाखांच्या आसपास होते; १८६० साली साडेएकोणचाळीस लाख. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर तर १८०८ पासून बंदी होती. म्हणजे ही वाढ इथेच जन्मलेल्या लेकरांची. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी इथल्या मालकांचं खरं पीक पुढे तंबाखू राहिलं नाही, माणसंच त्यांचं पीक झालं. दहा लाखांच्या आसपास माणसं अशी वरच्या राज्यांतून खालच्या कापूसपट्ट्यात गेली, काही मालकांबरोबर, पुष्कळशी बाजारात विकून.

या व्यापाराची एक जागा मी जवळून पाहिली आहे. सिनसिनाटीत ओहायो नदीच्या काठी, केंटकीच्या समोर, गुलामांच्या सुटकेच्या वाटांवर एक मोठं संग्रहालय आहे. त्याच्या आत ओंडक्यांची एक दुमजली इमारत जशीच्या तशी उभी केली आहे, तीस फूट लांब, एकवीस फूट रुंद. केंटकीतल्या मेसन काउंटीत एका शेतावर ती तंबाखूच्या मोठ्या कोठाराच्या पोटात लपून गेली होती. १८३० च्या सुमाराला जॉन अँडरसन नावाचा व्यापारी तिथे माणसं गोळा करायचा, पुरेशी जमली की मिसिसिपीतल्या नॅचेझच्या बाजाराकडे हाकायचा. आत शिरून वर पाहिलं की तुळईत ठोकलेल्या लोखंडी कड्या दिसतात. पुरुषांना तिथे साखळीने अडकवत. बायका खालच्या मजल्यावर, चुलीजवळ. ओंडक्यावर हात ठेवला तर कुऱ्हाडीचे घाव बोटांना लागतात. ही इमारत मूळ जिथे होती तिथून नदी काही मैलांवर, आणि नदीच्या पलीकडे गुलामगिरी नसलेलं राज्य. त्या कड्यांखाली बसलेल्या माणसाला हे ठाऊक होतं, हा विचार मनातून जात नाही.

पण नदीच्या अलीकडे सगळे संत राहत होते असं समजू नकोस. तुझ्या पोरांना शिकवताना 'चांगली उत्तर, वाईट दक्षिण' अशी सरळ रेघ ओढू नकोस, इतिहास त्यात मावत नाही. ओहायोत गुलामगिरी नव्हती, मात्र १८०७ च्या कायद्याने इथे राहायला येणाऱ्या काळ्या माणसाला चांगल्या वागणुकीसाठी ५०० डॉलरचा जामीन मागितला जाई. सिनसिनाटीचं डुकराचं मांस, पीठ, लाकूड, सगळं बोटींतून दक्षिणेला जायचं, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांना दक्षिणेची मर्जी सांभाळायची होती. जेम्स बर्नी नावाचा एक गृहस्थ, स्वतः पूर्वी गुलामांचा मालक, मन पालटून इथे आला आणि गुलामगिरीविरुद्ध वृत्तपत्र काढू लागला. १८३६ साली जमावाने त्याचा छापखाना फोडला आणि यंत्र नदीत टाकलं. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात इलायजा लव्हजॉय हा संपादक छापखाना राखताना गोळी लागून मेला. ही सगळी उत्तर बरं का. १८६१ च्या जानेवारीत तर न्यू यॉर्कच्या महापौराने, फर्नांडो वुडने, शहरानेही देशातून फुटून स्वतंत्र व्हावं असं सुचवलं, कारण कापसाच्या व्यापारात शहराचा जीव अडकला होता.

दक्षिणही एकजिनसी नव्हती. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती; तिथल्या मालकाला रात्री झोप लागायची ती बंदुकीच्या भरवशावर. अॅपलाचियन डोंगरातल्या शेतकऱ्याकडे मात्र कपाशीही नव्हती आणि गुलामही नव्हते, त्याला किनाऱ्याच्या जमीनदारांचा रागच होता. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचं बंड झालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथल्या विधिमंडळात गुलामगिरी हळूहळू संपवावी का यावर उघड चर्चा झाली, त्यात पश्चिमेच्या डोंगराळ भागातले प्रतिनिधी पुढे होते. प्रस्ताव पडला. तीसेक वर्षांनी व्हर्जिनिया देशातून फुटली तेव्हा हाच डोंगराळ भाग व्हर्जिनियातून फुटला आणि १८६३ साली वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं.

तडजोडींची यादी तुझ्या पाठ्यपुस्तकात आहेच, ती मी उगाळत नाही. १८२० साली मिसुरी गुलामगिरीसह आत आलं, मेन तिच्याविना, आणि पश्चिमेला ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशावर रेघ ओढली. म्हाताऱ्या माजी अध्यक्ष जेफरसनला ती बातमी रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखी वाटली, असं त्याने पत्रात लिहिलं आहे. मला थांबायचं आहे ते १८५० वर. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखाचं काय करायचं यावर देश फुटायला आला होता. कॅलिफोर्निया गुलामगिरीविना आत आलं, आणि बदल्यात दक्षिणेने एक कायदा मिळवला, पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा. त्याची कलमं वाच आणि मग 'राज्यांचे हक्क' या मुद्द्याचा विचार कर. मालकाने दावा सांगितला की केंद्राने नेमलेल्या आयुक्तासमोर सुनावणी. ज्युरी नाही. पकडलेल्या माणसाची साक्ष चालत नाही. माणूस मालकाच्या हवाली केला तर आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिला तर ५. आणि रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही नागरिकाला 'चल, पकडायला मदत कर' असं फर्मावता येई. नकार दिला तर गुन्हा. केंद्राचा इतका लांब हात त्याआधी फारसा कोणी पाहिला नव्हता, आणि तो हात लांब केला दक्षिणेच्या मागणीवरून.

उलट राज्यांचा हक्क कोणी सांगितला ठाऊक आहे? विस्कॉन्सिनने. १८५४ साली मिलवॉकीत लोकांनी तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या माणसाला सोडवलं, आणि त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनला गप्प बसवलं. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॉनी मेरीलँडचे. दोन वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात 'काळ्या माणसाला असा एकही हक्क नाही की जो गोऱ्या माणसाने मानलाच पाहिजे' अशा अर्थाचं लिहिणारे तेच.

आणि आता मार्गारेट गार्नरची गोष्ट. आज इथे कडाक्याची थंडी आहे. हल्ली धरणांमुळे नदीचं पाणी खोल असतं, ती सहसा गोठत नाही. १९७७ च्या जानेवारीत गोठली होती तेव्हा लोक चालत पलीकडे गेले होते. १८५६ च्या जानेवारीतही ती अशीच गोठली होती. २७ तारखेच्या रात्री केंटकीतल्या बून काउंटीतून काही माणसं घोड्यांच्या घसरगाडीतून कोव्हिंग्टनला आली आणि तिथून बर्फावरून पायी नदी ओलांडून सिनसिनाटीत शिरली. त्यांत मार्गारेट होती, विशीतली, तिचा नवरा रॉबर्ट, चार लेकरं आणि सासू-सासरे. बाकीचे वेगळ्या वाटेने गेले आणि कॅनडाला पोचले, जिथे अमेरिकेचा कायदा चालत नव्हता. हे आठ जण एलायजा काइट या नातलगाच्या घरी थांबले. सकाळी मालक गेन्स केंद्राचे शिपाई घेऊन दारात. दार फुटायच्या आत मार्गारेटने सुरी उचलली आणि दोन वर्षांच्या मेरीचा गळा चिरला. बाकीच्या लेकरांवरही तिने हात उचलला होता, तेवढ्यात तिला धरलं.

यापुढचं नीट ऐक, कारण तुझ्या भाच्याच्या घरमालकाला उत्तर इथे आहे. ओहायो राज्याने म्हटलं, आमच्या हद्दीत खून झाला आहे, हिच्यावर आमच्या कोर्टात खटला चालवू. गुलामगिरीविरुद्ध लढणारा तिचा वकील जॉन जॉलिफ हाच तिच्यावर खुनाचा आरोप ठेवा म्हणून धडपडत होता. खुनाचा आरोप माणसावर ठेवतात. एकदा ओहायोने तिला आरोपी मानलं की ती कोणाची मालमत्ता राहत नाही, आणि शिक्षा झाली तरी गव्हर्नर माफ करू शकतो. मालकाच्या बाजूचं म्हणणं, ती पळून आलेली मालमत्ता आहे, केंद्राच्या कायद्याप्रमाणे परत द्या. एरवी दिवसात उरकणारी सुनावणी आठवडे लांबली. शेवटी केंद्राच्या आयुक्ताने निकाल दिला : परत. राज्याचा हक्क केंद्राच्या कायद्याखाली चिरडला गेला, आणि तो चिरडून घेणारा केंटकीचा मालक होता. ओहायोचा गव्हर्नर तिला परत मागत राहिला, तोवर गेन्सने तिला बोटीत घालून खाली दक्षिणेकडे धाडलं. वाटेत बोटींची टक्कर झाली, आणि तिची तान्ही मुलगी बुडून मेली. मार्गारेट १८५८ साली मिसिसिपीत विषमज्वराने गेली. नवऱ्याने पुढे सांगितलं, मरताना तिने त्याला बजावलं होतं : गुलामगिरीत पुन्हा लग्न करू नकोस, सुटकेच्या आशेवर राहा. मी बाप आहे, दिलीप. त्या सुरीबद्दल तिला दोन शब्द सुनावायचा अधिकार मला तरी नाही.

आता एक आकडा सांगतो, त्याने मीही बराच काळ कोड्यात पडलो होतो. १८६० च्या जनगणनेत आदल्या वर्षी पळालेल्या गुलामांची नोंद आहे ८०३. चाळीस लाखांत आठशे. खरी संख्या जास्त धरली, तरी एवढ्यासाठी देश फोडायचा? त्यातही कोडं असं की पळून जाणारे बहुतेक केंटकी, मेरीलँड, मिसुरी यांसारख्या सीमेवरच्या राज्यांतले. आणि हीच राज्यं फुटली नाहीत. फुटण्यात पुढे होती साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, अलाबामा, जिथून पळून उत्तर गाठणं जवळजवळ अशक्य. मला वाटतं, सीमेवरच्या मालकाला व्यवहार कळत होता. देश एक आहे तोवर मार्गारेटला परत आणायला केंद्राचे शिपाई मिळतात. देश फुटला की ओहायोचा काठ म्हणजेच कॅनडाची हद्द. खालच्या राज्यांना एकेका माणसाच्या किमतीपेक्षा तत्त्वाची धास्ती होती. साउथ कॅरोलायनाचा पुढारी कॅल्हून १८३७ पासून सिनेटमध्ये सांगत होता की गुलामगिरी हे निरुपाय म्हणून सोसायचं पाप नाही, ती दोन्ही वंशांच्या भल्याचीच गोष्ट आहे. पळून आलेला फ्रेडरिक डग्लस उत्तरेच्या सभांतून उभा राहून बोलू लागला की त्या बोलण्याचा पायाच ढासळायचा. सुखात असलेला माणूस बर्फावरून तान्हं मूल घेऊन पळत नाही.

शिवाय ते एकटे पळत नव्हते. इथून नदीच्या वरच्या अंगाला रिप्ले नावाचं छोटं गाव आहे. तिथे टेकडीवर रँकिन या धर्मोपदेशकाचं घर, त्याच्या खिडकीतला दिवा केंटकीच्या काठावरून दिसायचा. आणि खाली नदीलगत जॉन पार्करचं घर. पार्कर व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला, आठव्या वर्षी विकला गेला, ओतकामाची कमाई साठवून त्याने स्वतःला विकत घेतलं, रिप्लेत ओतशाळा काढली, पेटंटं मिळवली. दिवसा लोखंड ओतायचं आणि रात्री होडी घेऊन केंटकीत शिरून माणसं काढून आणायची. त्याला पकडण्यासाठी बक्षीस लागलं होतं. सीनेटमधल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला या माणसाचं मोल जास्त वाटतं.

बाकीचं झपाट्याने घडलं. कॅन्सासमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून रक्त सांडलं. सिनेटच्या सभागृहात साउथ कॅरोलायनाच्या ब्रुक्सने गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या सिनेटर सम्नरला काठीने अर्धमेला होईस्तोवर बडवलं, आणि दक्षिणेतून त्याला नव्या काठ्यांची भेट गेली. गुलामांचा उठाव घडवायला निघालेला जॉन ब्राऊन फासावर गेला. १८६० च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटनला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा दक्षिणेच्या प्रतिनिधींनी मागणी केली की सगळ्या नव्या मुलखात गुलामांच्या मालकीचं रक्षण केंद्राने करावं. मागणी फेटाळली म्हणून ते उठून गेले. पक्ष दुभंगला, आणि दक्षिणेच्या दहा राज्यांत ज्याच्या नावाने मतपत्रिकाच नव्हत्या तो लिंकन निवडून आला. तो तरी काय म्हणत होता? असलेली गुलामगिरी असू दे, नव्या मुलखात पसरू नये, एवढंच.

फुटणाऱ्या राज्यांनी आपली कारणं स्वतः लिहून ठेवली आहेत. मिसिसिपीने सुरुवातीलाच म्हटलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित आहे. साउथ कॅरोलायनाची मोठी तक्रार अशी की उत्तरेची राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत; म्हणजे त्या राज्यांनी आपले हक्क वापरले हीच तक्रार. टेक्सासचा जाहीरनामा २ फेब्रुवारी १८६१ चा. त्यात लिहिलंय की ही राज्यं गोऱ्या वंशाने फक्त स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी स्थापली, आफ्रिकी वंशाचा त्यांच्या स्थापनेत काही वाटा नव्हता. टेक्सासचा गव्हर्नर सॅम ह्यूस्टन, स्वतः गुलामांचा मालक, याने नव्या राजवटीची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्याला पदावरून काढलं. भाच्याला हे नाव ऐकून माहीत असेल, शहराला तेच आहे. आणि फुटलेल्या राज्यांच्या नव्या संघराज्याच्या घटनेत काय होतं, तर गुलामांच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला बंदी. त्याचा उपाध्यक्ष स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हानात म्हणाला की आमच्या राज्याची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्सने दोन जाडजूड खंड लिहून सांगितलं की भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. घरमालकाचा मुद्दा तिथून आला आहे. तो त्याने तयार केला नाही, तो त्याला वारशात मिळाला. म्हणून भाच्याने त्याच्याशी भांडू नये; टेक्सासचा जाहीरनामा समोर ठेवावा आणि दोघांनी मिळून वाचावा.

केंटकीबद्दल एक राहिलं. १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागू नव्हता, कारण ते फुटलं नव्हतं. तिथे उरलेले हजारो गुलाम मोकळे झाले ते १८६५ च्या डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने. ती दुरुस्ती केंटकीच्या विधिमंडळाने मंजूर केली १९७६ साली. तू आणि मी तेव्हा शाळेत होतो.

आपल्याकडे या सगळ्याचे धागे पोचले ते तुला जास्त माहीत. दक्षिणेची बंदरं अडवली गेली तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या उमरावतीच्या कापसाकडे वळल्या, रेल्वे अजून नागपूरला पोचायची होती, बैलगाड्यांच्या रांगा मुंबईच्या वाटेला लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ च्या उन्हाळ्यात युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला. मला जास्त मोलाचं वाटतं ते १८७३ सालचं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली युनायटेड स्टेट्समधल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. आपले देशबांधव शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. पुण्यात बसून त्यांनी या दूरच्या भांडणाचा गाभा अचूक पकडला : प्रश्न प्रांतांचा नाही, माणसाला माणूस मानण्याचा आहे. रिप्लेच्या पार्करचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं का, कोण जाणे. पण ती अर्पणपत्रिका वाचताना मला तोच डोळ्यांपुढे येतो.

एक काम कर. तुमच्या वाड्यात आडतीच्या जुन्या मोडी वह्या आहेत असं तू मागे म्हणाला होतास. त्यांत १८६१ ते १८६५ मधली एखादी सापडली तर कपाशीच्या भावाची पानं काढून ठेव. मी दिवाळीत येतोय, मोडी वाचणारा माणूस तू शोध. मिसिसिपी आणि टेक्सासच्या जाहीरनाम्यांचं भाषांतर मी करतोय, पुढच्या महिन्यात पाठवतो, वर्गात वाचून दाखव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
विवेक